कोण झोपलंय, कोण जागं? शिरूर-दौंडच्या परसबागेतल्या सोळा हिवाळी गमती

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की घोड नदीकाठच्या शिरूरला आणि भीमाकाठच्या दौंडला थंडीचा मुक्काम पडतो. सकाळी कानटोपी, दुपारी घाम, रात्री गोधडी. या दिवसांत माणसांनी काय करायचं हे ठरलेलं आहे: हुरडा खायचा, बाजरीची भाकरी थापायची, संक्रांतीला तिळगूळ वाटायचा. पण दारातल्या आंब्याचं, डाळिंबाचं, मोगऱ्याचं काय? बहुतेक घरांत रोजची बादली ओतायची ती ओतलीच जाते. खरं तर थंडीत काही झाडं गाढ विसावा घेत असतात आणि काही ऐन भरात असतात. कोण झोपलंय आणि कोण जागं आहे हे ओळखता आलं की हिवाळ्यातली निम्मी बागकामं सोपी होतात. झोपलेल्याला उठवायचं नाही, जागं असेल त्याला उपाशी ठेवायचं नाही. हे ओळखायच्या खुणा मोठ्या मजेदार आहेत. त्यातल्या या सोळा.

१. एकाच जिल्ह्यात दोन पावसाळे

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच पुणे जिल्ह्यात पूर्वेकडे शिरूर-दौंडला आलं की आकडा जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. थंडीचं गणितही या कोरडेपणातच आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडते. हवेत बाष्प आणि ढग असतील तर ती बरीचशी अडते. इथं डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी, म्हणून ऊब भराभर निघून जाते. दुपारी तिशीकडे झुकलेला पारा पहाटे दहाच्या खाली उतरतो तो त्यामुळेच. पुण्यात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान आहे १.७ अंश सेल्सिअस, तारीख १७ जानेवारी १९३५.

२. थंडी उतारानं खाली येते

गार हवा जड असते. रात्री ती उतारानं सरकत सखल जागी साचते. म्हणून ओढ्याच्या कडेला, नदीकाठच्या मळईत आणि बांधाखालच्या खोलगट तुकड्यात गारठा जास्त, तर टेकाडावर कमी. घराच्या आवारातही हाच हिशेब चालतो. केळ, पपई, कढीपत्ता ही गारठ्याला भिणारी मंडळी. त्यांना घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत जागा द्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडत राहते. केळीची वाळून लोंबणारी पानंही या दिवसांत काढायची घाई नको, खोडाला तेच पांघरूण असतं. यंदा लावलेल्या रोपांवर सूर्य मावळताना गोणपाट किंवा जुनी साडी टाका आणि सकाळी ऊन आलं की आठवणीनं काढा.

३. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट का लागतं?

पहाटे विहिरीतून वाफा निघताना दिसतात आणि पोहरा वर काढला की पाणी कोमट लागतं. पाणी तापलेलं नसतं, हवा गारठलेली असते. जमिनीखाली खोलवर वर्षभर तापमान फारसं हलत नाही. ते त्या भागातल्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळ राहतं. म्हणून तेच पाणी मे महिन्यात गार आणि जानेवारीत कोमट वाटतं. बागेसाठी ही फुकटची सोय आहे. कडाक्याची थंडी पडणार असा अंदाज आला की कोवळी रोपं, केळ, पपई आणि भाजीपाल्याच्या वाफ्यांना संध्याकाळी हलकं पाणी द्यावं. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्रभर ती थोडी थोडी सोडते. एरवी हिवाळ्यातलं पाणी सकाळी ऊन वर आल्यावर द्यावं. छतावरच्या टाकीत रात्रभर गारठलेलं पाणी भल्या पहाटे मुळांवर ओतू नये.

४. आंब्याला थंडी वाजलीच पाहिजे

आंब्याला मोहोर येतो तो थंडीच्या जोरावर. रात्री पंधरा अंशांच्या आसपास गारठा आणि सलग काही आठवडे तशी हवा मिळाली की पक्व फांदीच्या टोकाच्या डोळ्यातून पालवीऐवजी मोहोर फुटतो. याच काळात झाडाला भरपूर पाणी आणि नत्रखत मिळालं तर ते फुलायचं सोडून पानं काढत बसतं. म्हणून दारातला आंबा मोठा झाला असेल तर पाऊस थांबल्यापासून त्याचं पाणी तोडायचं आणि कैरी वाटाण्याएवढी झाली की पुन्हा सुरू करायचं. मोहोर पाहून हुरळूनही जायचं नाही. त्यातली बहुतेक फुलं नर असतात, त्यांना फळ धरतच नाही. शंभर फुलांमागे एक आंबाही झाडावर पिकेपर्यंत टिकत नाही. झाड मुळात तेवढ्याच हिशेबानं फुललेलं असतं, त्यामुळे गळ पाहून औषधाच्या दुकानाकडे धावायचं कारण नाही.

५. डाळिंबाचा बहर तहानेतून येतो

इथल्या शेतकऱ्याला डाळिंबाचे तीन बहर तोंडपाठ असतात: आंबे बहर, मृग बहर आणि हस्त बहर. तिन्हींचं तंत्र एकच, झाडाला ताण द्यायचा. पाणी तोडलं की झाड वाढ थांबवतं, पानं पिवळी पडून गळतात आणि फांद्यांत अन्न साठतं. मग पाणी सुरू झालं की साठलेलं सगळं फुलांवर खर्च होतं. आंबे बहरासाठी हा ताण हिवाळ्यातच बसतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत लालभडक फुलं निघतात. मुरमाड जमीन लवकर वाळते, तिथं ताण कमी दिवसांत पुरा होतो. काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथं जास्त दिवस थांबावं लागतं. दोन-तीन वर्षांच्या आतल्या झाडाला मात्र ताण देऊ नका, त्याचं वय अजून वाढीचं आहे.

महाराष्ट्राच्या डाळिंबाचा पाया पुणे जिल्ह्यातच घातला गेला. गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली ‘आळंदी’ जातीच्या रोपांतून एक सरस झाड निवडलं. तेच पुढे ‘गणेश’ या नावानं घराघरांत पोचलं.

६. सीताफळाचा डोळा लपलेला असतो

सीताफळाचं एखादं पिकलेलं पान हळूच उपटून बघा. देठ जिथं फांदीला चिकटला होता, नेमकं तिथं एक बारीक लवदार टोक दिसेल. तो पुढच्या फांदीचा डोळा. बहुतेक झाडांत डोळा पानाच्या बगलेत उघडा असतो. सीताफळात तो देठाच्या पोकळ बुडाखाली झाकलेला असतो. पान पडल्याशिवाय त्याला बाहेर यायला वाट नाही! म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत झाड उघडंबोडकं झालं की घाबरू नका. ती पानगळ म्हणजे पुढच्या फुटव्याची तयारी असते. पाणी वाढवून ती थांबवायला जाऊ नका.

दुसरी गंमत फुलात. सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि काही तासांनी नर होतं, त्यामुळे एकाच फुलातला पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. एका फुलातला पराग दुसऱ्यात नेण्याचं काम बारीक भुंगेरे करतात. झाडाखालचा पालापाचोळा पार झाडून नेला तर या भुंगेऱ्यांचा आसरा जातो. थोडा राहू द्या.

७. खोरचं अंजीर आणि पोटातली फुलं

दौंड तालुक्यातलं खोर हे गाव अंजिरासाठी ओळखलं जातं. शेजारच्या पुरंदरच्या अंजिराला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंजिराचं फूल कधी पाहिलंय? पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल, कारण ते फळाच्या पोटात असतं. अंजीर कापल्यावर आत जी रेशमासारखी गुलाबी दाटी दिसते ती शेकडो बारीक फुलांची. जगातल्या कित्येक अंजिरांना फळ धरण्यासाठी एका खास चिलटाएवढ्या गांधीलमाशीची गरज असते. आपल्या ‘पुना’ अंजिराला ती लागत नाही, परागाविनाच फळ धरतं. म्हणून परसात एकुलतं एक झाड असलं तरी चालतं. अंजिराचे बहर दोन: थंडीत येतो तो खट्टा, उन्हाळ्याच्या तोंडावर येतो तो मीठा. उन्हाची ऊब मिळाली की साखर भरते, गारठ्यात ती कमी पडते. नावांतच चवीचा दाखला आहे.

८. बोर उन्हाळ्यात झोपतं, आवळा पोटातल्या पोटात

संक्रांतीच्या बोरन्हाणाला लागणारी बोरं देणारं झाड हिवाळ्यात टक्क जागं असतं. त्याची झोप उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पानं झाडून ते गप्प बसतं आणि त्याची छाटणीही तेव्हाच करायची. पाणीटंचाईच्या मुलखात याहून शहाणं झाड नाही, ऐन टंचाईत ते पाणीच मागत नाही.

आवळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला फुलं येतात मार्च-एप्रिलमध्ये. फळही तेव्हाच धरतं, पण डोळ्यांना दिसत नाही. टाचणीच्या डोक्याएवढं होऊन ते सारा उन्हाळा तसंच राहतं. पावसाळा रुजला की वाढायला लागतं आणि कार्तिकात हाताला येतं. तुळशीच्या लग्नात मांडायला आणि आवळीभोजनाच्या पंगतीला ते बरोबर वेळेवर हजर. थंडीत फळांनी लगडलेल्या आवळ्याच्या फांद्या ठिसूळ होऊन मोडतात, तेव्हा त्यांना बांबूचा टेकू द्यायला विसरू नका.

९. शेवंती रात्र मोजते

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला वाहायला शेवंती नेमकी कशी हजर होते? कारण ती रात्रीची लांबी ओळखते. आपल्याकडे डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम अकरा तासांचा आणि रात्र तेरा तासांची असते. सलग लांब अंधार मिळत गेला की शेवंतीत कळ्या धरायला सुरुवात होते. मध्येच उजेड पडला की तिचा हिशेब चुकतो. अंगणातली शेवंती वाढते पण फुलत नाही अशी तक्रार असेल तर आधी वर बघा, रस्त्याचा दिवा तिच्या डोक्यावर तर नाही ना? कुंडी रात्री अंधार मिळेल अशा जागी हलवा. नाताळात दुकानांत दिसणारा पॉइन्सेटियाही याच पंथातला. त्याच्या लाल ‘पाकळ्या’ म्हणजे रंग बदललेली पानं, खरी फुलं मधोमध पिवळी आणि बारकी.

१०. कात्री कुणावर, कधी?

एकाच रविवारी सगळ्या झुडपांवर कात्री चालवणं ही हिवाळ्यातली सर्वांत महाग चूक. गुलाबाची छाटणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात करायची, साधारण सहा आठवड्यांत तो फुलतो आणि थंडीभर फुलत राहतो. तो जागा आहे, त्याला शेणखत आणि पाणी हवं. कलमाच्या सांध्याखालून निघालेले जोमदार धुमारे मात्र बुडातून काढा. ते खुंटाच्या रानटी गुलाबाचे असतात आणि वरच्या गुलाबाचा घास पळवतात. मोगरा याच्या उलट. तो डिसेंबर-जानेवारीत झोपतो, तेव्हाच पाणी तोडून त्याची छाटणी करायची, म्हणजे चैत्रात गजऱ्याला फुलं. जास्वंद आणि कढीपत्ता यांना फेब्रुवारीत ऊब परतेपर्यंत हात लावू नका. भर थंडीत कापलेल्या फांदीला नवा फुटवा यायला फार वेळ लागतो. कढीपत्ता जानेवारीत रुसल्यागत उभा असतो. तो आजारी नसतो, उबेची वाट बघत असतो.

११. बोगनवेल आणि पुरुषवेषातली प्रवासी

दौंडच्या रखरखीत उन्हात कुंपणावर गुलाबी-नारिंगी पेटलेली बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. १७६६ ते १७६९ या काळात फ्रेंच दर्यावर्दी बुगँव्हिल यांची मोहीम पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. मोहिमेत कॉमर्सन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वेल त्यांच्या संग्रहात आली आणि तिला मोहिमेच्या प्रमुखाचं नाव मिळालं. कॉमर्सन यांचा जो मदतनीस रानोमाळ झाडं गोळा करत फिरे, तो प्रत्यक्षात झान बारे नावाची बाई होती. स्त्रियांना जहाजावर परवानगी नव्हती म्हणून ती पुरुषवेषात गेली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. या वेलीचा रंग पानांचा असतो. तीन रंगीत पानांच्या मध्ये तीन नळीदार पांढुरकी फुलं असतात. पाणी जास्त झालं की ती नुसती हिरवी वाढते, माती वाळू दिली की फुलते.

१२. केडगावची फळबाग

पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, हे अनेकांना ठाऊक असतं. त्याची सुरुवात फळझाडांच्या जमिनीनं झाली, हे कमी जणांना माहीत असतं. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी मदतीचं वचन दिलं होतं ते दहा वर्षांपुरतं. पुढे संस्था कशावर चालवायची, या विचारानं त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळबाग धरली. बागेच्या उत्पन्नावर शाळा उभी राहावी ही कल्पना. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना याच जमिनीवर आसरा मिळाला. झाडं लावणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा विचार करणं, हे त्यांनी या कोरड्या मुलखात करून दाखवलं.

१३. उसाचं पाचट जाळू नका, पसरा

दौंडची गुऱ्हाळं आणि शिरूर-दौंडचा ऊस यांमुळे इथं पाचटाला तोटा नाही. हिवाळ्यात झाडाच्या आळ्यात चार बोटं जाड पाचट पसरलं की तीन कामं एकदम होतात. माती रात्री कमी गारठते, ओल दुपटीनं टिकल्यासारखी वाटते आणि तण दबतं. फक्त दोन पथ्यं पाळा. पाचट खोडाला टेकवू नका, वीतभर मोकळी जागा ठेवा, नाहीतर बुंध्याशी वाळवी आणि कूज येते. आणि त्यावर शेणकाला किंवा जीवामृत शिंपडा. सुकं पाचट कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र तात्पुरतं ओढून घेतात, ती उणीव त्यानं भरून निघते. जीवामृताचं प्रमाण सोपं आहे: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. कुंड्यांसाठी हेच प्रमाण शंभराव्या हिश्श्यानं धरा, दोन लिटर पुरतं.

१४. द्राक्षचोरांनी दिलेलं औषध

पावसाळा संपला की फळझाडांच्या बुंध्याला निळसर लेप लावतात, ते बोर्डो पेस्ट. याचा शोध चोरांमुळे लागला. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरू तोडून नेत. म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं विषारी दिसणारं पाणी शिंपडत. १८८२ साली मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की बाकी मळा केवड्यानं खलास झालाय, पण रस्त्याकडेच्या वेली धडधाकट आहेत! १८८५ साली त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडलं.

घरी करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवा आणि मग एकत्र करा. लोखंडी भांडं नको. तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, अजून चुना घाला. पातं स्वच्छ राहिलं की लेप लावायला हरकत नाही. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावा.

१५. पानावर चिमणीची घाण? नीट बघा!

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर काळपट-पांढरी विष्ठा पडलेली दिसली तर काडीनं हलकेच टोचून बघा. ती हलेल! लिंबाच्या फुलपाखराची ती लहान अळी आहे. पक्ष्यानं खाऊ नये म्हणून तिनं हे सोंग घेतलेलं असतं. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. रोप वीतभराचं असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा. झाड मोठं असेल तर राहू द्या, चार पानांच्या बदल्यात काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची फुलपाखरं बागेत येतील.

पांढरी भुरी मात्र राहू देऊ नका. बहुतेक बुरशींना पानावर पाणी लागतं, भुरीला कोरडे दिवस आणि गार रात्री पुरतात. म्हणूनच ती इथं हिवाळ्यात बहरते. ब्राझीलमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दूध-पाण्याच्या फवारणीनं दुधीच्या वर्गातल्या पिकावरची भुरी आटोक्यात आल्याचं दिसलं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क. याच कडुनिंबाच्या बुरशीनाशक गुणावर एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला १९९४ साली युरोपात पेटंट मिळालं होतं. ‘हे ज्ञान भारतात पूर्वापार आहे’ हा मुद्दा मान्य होऊन ते २००० साली रद्द झालं आणि २००५ साली अपीलही फेटाळलं गेलं.

१६. चिंचोलीचे मोर आणि बांधावरची शहाणी झाडं

शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत चिंचेची जुनी झाडं आणि मोर एकमेकांना धरून आहेत. मोर दिवसभर शेतात चरतात आणि रात्री उंच झाडावर बसतात, म्हणून जिथं जुनं झाड टिकतं तिथं मोर टिकतो. हिवाळ्यात तिथं गेलात आणि मोराचा पिसारा आखूड दिसला तर हिरमुसू नका. पावसाळा सरता सरता तो पिसं झाडतो आणि थंडीत नवी वाढत असतात. चिंचही या दिवसांत आकडे पिकवण्यात गुंतलेली असते आणि तिची पानं रोज संध्याकाळी मिटतात. आफ्रिकेतून येऊन ती इथलीच होऊन गेली आहे.

कुंपणासाठीही या भागानं नामी झाडं निवडली आहेत. रामकाठी बाभूळ फांद्या न पसरता सरळ वर जाते, म्हणून बांधावर असूनही पिकावर सावली धरत नाही. गिरिपुष्पाची काठी पावसाळ्यात रोवली की जगते. हिवाळा सरताना ती पानं झाडून फिकट गुलाबी फुलांनी भरते, तिचा पाला म्हणजे नत्राचं खत आणि तिच्या बिया उंदरांना विषारी. रेल्वेच्या हद्दीवर दिसणारा घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो, पण मरण्याआधी दांड्यावरच शेकडो तयार रोपं धरून जातो.

थोडक्यात, महिन्याचा हिशेब

कार्तिक सरताना: बुंध्यांना बोर्डो पेस्ट, आवळ्याला टेकू, शेवंतीवरचा दिवा बंद.

डिसेंबर: मोठ्या आंब्याचं पाणी बंदच, आंबे बहराच्या डाळिंबाचंही बंद, आळ्यांत पाचट, लहान रोपांवर रात्री पांघरूण.

जानेवारी: मोगऱ्याची छाटणी, गुलाबाला शेणखत, भुरीवर लक्ष. महिन्याच्या उत्तरार्धात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन भरतं, जमलं तर घरच्यांना घेऊन जा.

फेब्रुवारी: जास्वंद आणि कढीपत्त्याची छाटणी, कैरी वाटाण्याएवढी झाली की आंब्याला पाणी सुरू.

आता एक काम आजच करा. दारातल्या प्रत्येक झाडाचं नाव कागदावर लिहा आणि पुढे ‘झोपलेलं’ किंवा ‘जागं’ अशी खूण करा. झोपलेल्यांची बादली आपोआप वाचेल. शिरूर-दौंडमध्ये पाण्याची खरी ओढ लागते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा सर्वांत आधी जातात ती यंदाच लावलेली कोवळी रोपं. हिवाळ्यात विहिरीत राहिलेलं पाणीच त्यांना पावसापर्यंत पोचवतं.